जाहिरातीला पैसे नाहीत? मग आधी गळती बंद करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: एक-दोन माणसांवर चालणारा दुरुस्ती-सेवेचा व्यवसाय. जाहिरातीसाठी वेगळे पैसे नाहीत, आठवड्याला चार-पाच तास काढता येतात. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर पान उघडून झालं, रोज पोस्ट टाकून झाल्या. लाइक येतात, गिऱ्हाईक येत नाही. कमी खर्चात मार्केटिंग करायचं तर सुरुवात कुठून करावी?

सुरुवात पोस्ट थांबवून करा. कायमच्या नाही, महिना-दीड महिना. तुमच्यासारख्या व्यवसायाकडे माणूस तीन वाटांनी येतो. एकाला आत्ता गरज आहे आणि तो शोधतोय. दुसरा आधी येऊन गेलाय. तिसऱ्याला ओळखीच्या कुणीतरी तुमचं नाव सांगितलंय. रोजची पोस्ट या तिघांपैकी कुणाच्याच वाटेत येत नाही. ज्याचं मशीन आज सकाळी बंद पडलं तो तुमचं इन्स्टाग्राम चाळत बसत नाही, तो मोबाइलवर ‘जवळचं दुरुस्तीचं दुकान’ शोधतो. तेव्हा तुमचे चार-पाच तास आधी या तीन वाटांवर खर्च व्हायला हवेत. ‘फुकट’ मार्केटिंगमध्ये खर्च होतो तो तुमचा वेळ, आणि छोट्या धंद्यात पैशापेक्षा त्याचीच टंचाई जास्त असते.

नकाशावरची नोंद

गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी तुमच्या व्यवसायाची नोंद, फुकट आहे आणि पहिला आठवडा पूर्ण त्यालाच द्या. स्थानिक शोधात कुणाला वर दाखवायचं हे तीन गोष्टींवर ठरतं, असं गूगल स्वतः सांगतं: शोधलेल्या शब्दांशी जुळणी, शोधणाऱ्यापासूनचं अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी. अंतर तुमच्या हातात नाही. प्रसिद्धी हळूहळू वाढते. जुळणी मात्र आजच दुरुस्त करता येते, आणि तिथेच बहुतेकांची चूक असते.

जुळणीत सगळ्यात वजनदार गोष्ट म्हणजे मुख्य वर्ग (कॅटेगरी), म्हणजे व्यवसायाचा प्रकार. एकच मुख्य वर्ग निवडता येतो, त्याखाली आणखी नऊ जोडता येतात. लोक ‘दुकान’ किंवा ‘सेवा’ असा सैल वर्ग घेतात आणि नेमका वर्ग यादीत असूनही तो बघत नाहीत. तुमच्या कामाचे शब्द टाकून शोधा, वर येणाऱ्या पहिल्या तीन नोंदींवर कोणता वर्ग लिहिलाय ते बघा. तो तुमच्या मुख्य कामाला लागू असेल तर तोच घ्या. जे काम तुम्ही करतच नाही त्याचे वर्ग जोडू नका; चुकीचे फोन येतात आणि नाराज माणसं वाईट अभिप्राय लिहून जातात.

नाव पाटीवर आहे तेच लिहा. नावापुढे ‘उत्तम स्वस्त दुरुस्ती’ आणि गावाचं नाव चिकटवण्याचा मोह सगळ्यांना होतो. काही दिवस फायदा दिसतोही. पण ते गूगलच्या नियमाविरुद्ध आहे, कुणी तक्रार केली की नोंद निलंबित होऊ शकते, आणि मग कागदपत्रं दाखवत अपील करत बसावं लागतं. तुम्ही ग्राहकाच्या घरी जाऊन काम करत असाल आणि ग्राहक तुमच्याकडे येत नसेल, तर पत्ता लपवून सेवाक्षेत्र भरा. अशी २० पर्यंत क्षेत्रं देता येतात. पण क्षेत्र वाढवलं म्हणून दूरच्या शोधात तुम्ही वर याल असं नाही.

पडताळणीला आता बऱ्याचदा व्हिडिओ मागतात. तो सलग, न कापलेला आणि निदान ३० सेकंदांचा हवा. त्यात तीन गोष्टी दिसायला हव्यात: जागा कुठे आहे (रस्ता, शेजारची दुकानं), व्यवसाय खरोखर चालतोय (पाटी, हत्यारं, माल) आणि तो तुम्हीच चालवता (कुलूप उघडणं, फक्त मालकाला जाता येईल अशा जागेत जाणं). तिसरी गोष्ट राहून गेली तर व्हिडिओ नाकारला जाऊ शकतो. आधी एकदा कॅमेरा बंद ठेवून वाट चालून बघा, मग चित्रण करा.

जागा बदललीत तर त्याच नोंदीत पत्ता बदला. नवी नोंद उघडलीत की जुन्यावरचे अभिप्राय मागे राहतात आणि शोधणाऱ्याला दोन दुकानं दिसतात. सुट्टीच्या दिवशीचे वेळ वेगळे भरण्याची सोय आहे, ती वापरा. ‘उघडं आहे’ असं वाचून आलेला माणूस बंद दारावरून परत गेला की तो पुन्हा येत नाही.

फोटो स्वतः काढलेले टाका, विकतचे किंवा नेटवरून उचललेले नकोत. ७२० बाय ७२० पिक्सेलच्या वरचा साधा मोबाइल फोटो चालतो. पहिले दोन फोटो रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी येणाऱ्याला दुकान कसं दिसतं त्याचे असू द्या. मग दार, आतली जागा, काम चालू असताना, कामाआधी आणि कामानंतर. वर्णनाला ७५० अक्षरांची मर्यादा आहे. त्यावर दोन दिवस घालवू नका, बहुतेक लोक ते वाचत नाहीत. ॲपल मॅप्स आणि बिंग या ठिकाणीही नाव, पत्ता, फोन अक्षरशः तोच ठेवा. जुना फोन नंबर एखाद्या यादीत राहिला तर तो वर्षानुवर्षं लोकांना चुकीच्या जागी पाठवत राहतो.

फोन उचलणं हेही मार्केटिंगच

सगळ्यात मोठी गळती इथे असते आणि मार्केटिंगच्या गप्पांत हिचं नावही निघत नाही. शोधणारा माणूस यादीतल्या पहिल्याला फोन लावतो, उचलला नाही तर दुसऱ्याला. तुमचे हात कामात असतात, तासाभराने तुम्ही उलट फोन करता, तोवर काम दुसरीकडे गेलेलं असतं. आठवडाभर राहून गेलेले फोन मोजा. त्यातले किती अनोळखी नंबर होते तेही लिहा. तो आकडा बघून जाहिरातीचा विचार पुढे ढकलणारे मालक बरेच असतात.

यावर उपाय स्वस्त आहेत. व्हॉट्सॲप बिझनेस घ्या. त्यात पहिल्यांदा लिहिणाऱ्याला, किंवा १४ दिवस संवाद नसलेल्याला, आपोआप जाणारा स्वागत-संदेश असतो. कामाच्या वेळेबाहेर जाणारा वेगळा संदेश असतो. तयार उत्तरं ५० पर्यंत साठवता येतात, तुम्हाला पाच पुरतील: पत्ता आणि नकाशाची लिंक, वेळ, साधारण दर कितीपासून कितीपर्यंत, कामाचा अंदाज देण्यासाठी कोणता फोटो पाठवायचा, आणि काम किती दिवसांत होईल. दराचा प्रश्न ‘बघून सांगतो’ म्हणून टोलवू नका. पल्ला सांगा आणि तो कशामुळे बदलतो ते एका ओळीत सांगा. पल्ला ऐकून जे गळतात ते तसेही आले नसते.

लेबलं लावा: ‘नवी चौकशी’, ‘अंदाज दिला’, ‘काम चालू’, ‘काम झालं’. रोज संध्याकाळी ‘अंदाज दिला’ उघडायचं. दोन दिवस उत्तर नसेल तर एक संदेश, आठवड्याने दुसरा, मग थांबायचं. या दोन संदेशांना काहीच खर्च नाही, आणि दर ऐकून गप्प बसलेल्यांपैकी काहीजण नुसते विसरलेले असतात.

पाटीवर, बिलावर आणि नकाशाच्या नोंदीत व्हॉट्सॲपची थेट लिंक द्या. लिंकमध्ये देशाच्या कोडसह पूर्ण नंबर लागतो, पण अधिकचं चिन्ह, सुरुवातीचं शून्य, जागा किंवा आडव्या रेघा चालत नाहीत. लिंक उघडत नाही अशी तक्रार आली की आधी ते शून्य तपासा.

आधी आलेले लोक

वही असो की मोबाइलमधला तक्ता, पाच रकाने हवेत: नाव, नंबर, काय काम केलं, तारीख, आणि पुढचं काम साधारण कधी लागेल. खरी किंमत पाचव्या रकान्याला आहे. सहा महिन्यांनी ज्याची देखभाल लागते त्याला साडेपाच महिन्यांनी संदेश गेला तर तो त्याला जाहिरात वाटत नाही. तोच संदेश सगळ्यांना एकाच दिवशी गेला तर वाटतो.

संदेशात नाव, मागचं काम, आता काय करायला हवं आणि एकच सोपं उत्तर, एवढंच असावं. उदाहरणार्थ: ‘नमस्कार, मार्चमध्ये तुमच्या मशीनचा पट्टा बदलला होता. आता तेलपाणी आणि तपासणी करून घेतली तर पट्टा जास्त टिकेल. या आठवड्यात वेळ हवी असल्यास नुसतं “हो” लिहा.’ यात सूट नाही, चित्र नाही, शुभेच्छा नाहीत. सणावाराच्या शुभेच्छांची रंगीत चित्रं पाठवून कुणाला काम मिळत नाही, उलट लोक आवाज बंद करून ठेवतात.

अनेकांना एकदम पाठवायचं तर ब्रॉडकास्ट यादी वापरा, ग्रुप नको. ग्रुपमध्ये एकमेकांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि एकाची तक्रार सगळ्यांसमोर होते. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ जण बसतात, पण अट अशी की ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलाय त्यालाच संदेश पोचतो. ‘पाठवले पण कुणाला मिळालेच नाहीत’ याचं कारण जवळजवळ नेहमी हेच असतं. म्हणून काम संपताना नंबर साठवायला सांगा, आणि त्याला कारण द्या: ‘वॉरंटीचं बिल याच नंबरवरून येईल.’ संदेश पाठवू का, हेही तेव्हाच विचारून घ्या. न विचारता पाठवलेले संदेश लोक ब्लॉक करतात, आणि असे बरेच झाले की नंबरच बंद होऊ शकतो. मग ग्राहकांशी जोडलेला एकमेव धागा तुटतो. यादीची प्रत वेगळ्या जागी ठेवा.

वारंवार लागणारी सेवा असेल तर शिक्क्यांचं कार्ड चालतं. त्यावर एक चांगला प्रयोग आहे. जोसेफ न्यून्स आणि झाविए द्रेझ यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गाड्या धुण्याच्या केंद्रावर ३०० कार्डं वाटली. अर्ध्यांवर ८ चौकोन होते, अर्ध्यांवर १० चौकोन पण त्यातले २ आधीच भरलेले. दोघांनाही लागणार होत्या आठच फेऱ्या. पहिल्या प्रकारची १९ टक्के कार्डं पूर्ण झाली, दुसऱ्या प्रकारची ३४ टक्के. कार्ड छापताना दोन चौकोन जास्त छापा आणि देताना दोन शिक्के मारून द्या, पैसे तेवढेच लागतात. वर्षातून एकदाच लागणाऱ्या कामाला मात्र कार्डाचा उपयोग नाही.

सूट देण्याआधी हा हिशेब

‘कमी खर्चाचं मार्केटिंग’ म्हणून सूट सुचवली जाते, आणि मला ती सगळ्यात महाग जाहिरात वाटते. समजा १०० च्या विक्रीत तुमचा थेट खर्च ६०, म्हणजे ढोबळ नफा ४०. १० टक्के सूट दिलीत तर हातात ३० राहतात. पूर्वीइतकाच नफा हवा तर काम ४० भागिले ३०, म्हणजे एक तृतीयांश वाढलं पाहिजे. २० टक्के दिलीत तर दुप्पट. ढोबळ नफा २५ च असेल तर १० टक्के सुटीनेच काम दोन तृतीयांश वाढायला हवं. एवढं वाढलेलं काम एक-दोन माणसं करू तरी शकतील का, हा पुढचा प्रश्न.

वर सूट जाते कुणाला? बरीचशी त्यांनाच, जे पूर्ण दर देऊन येणारच होते. द्यायचंच असेल तर पुढच्या वेळी वापरता येईल असं, मुदत घातलेलं काहीतरी द्या, किंवा तुम्हाला स्वस्त पण ग्राहकाला मोलाची जोड द्या: मोफत तपासणी, घरपोच ने-आण, एक महिना जास्त हमी. रिकाम्या जाणाऱ्या वेळेपुरती सूट मात्र समजू शकते, कारण तो तास तसाही वाया जाणार असतो.

अभिप्राय

अभिप्रायांबद्दल दोन नियम आधी. बदल्यात सूट किंवा भेट देणं गूगलच्या धोरणात बसत नाही. फक्त खूश ग्राहकांनाच निवडून विचारणंही बसत नाही. नातेवाईक आणि कामगारांकडून लिहून घेतलेले तर ओळखूच येतात. तेव्हा प्रत्येकाला विचारा, आणि वेळ साधा. दुरुस्त झालेली वस्तू ग्राहकाने स्वतः चालू करून बघितली, तो क्षण योग्य. तोंडी विचारा आणि तिथेच लिंक पाठवा; ही लिंक आणि क्यूआर कोड प्रोफाइलमध्येच तयार मिळतो. ‘पाच तारे द्या’ म्हणू नका. ‘काय बिघडलं होतं आणि काय केलं ते दोन ओळींत लिहा’ असं सांगा. नेमक्या कामाचं नाव असलेला अभिप्राय तशाच बिघाडासाठी शोधणाऱ्याला पटतो. एकाच दिवशी २० अभिप्राय आले तर खोटे अभिप्राय अडवणाऱ्या गूगलच्या गाळणीत अडकू शकतात; आठवड्याला दोन, पण सतत, हे बरं.

वाईट अभिप्रायाला एक-दोन दिवसांत उत्तर द्या, पण ज्या तासाला राग आलाय त्या तासाला नको. तीन वाक्यं पुरतात: काय झालं ते मान्य किंवा स्पष्ट, त्यावर काय केलं किंवा करणार, आणि संपर्काचा मार्ग. ग्राहकाने किती पैसे थकवले होते वगैरे तिथे लिहू नका. ते उत्तर त्या ग्राहकासाठी नसतंच. पुढचे पन्नास लोक तुम्ही अडचणीत कसे वागता ते बघत असतात.

पाटी आणि छापील कागद

पाटी एकदाच पैसे मागते आणि वर्षानुवर्षं काम करते, तरी ती सगळ्यात घाईने केलेली असते. अंगठ्याचा नियम: दहा फुटांवरून सहज वाचायला एक इंच उंचीचं अक्षर. ताशी ३० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला सव्वाआठ मीटर जाते. वाचून ठरवायला चार सेकंद धरले तर अक्षर ३३ मीटरवरून वाचता यायला हवं, म्हणजे साधारण ११ इंच. देवनागरीत ही उंची शिरोरेघेखालच्या अक्षराची मोजा, मात्रा-वेलांट्यांसकट नव्हे. एवढ्या उंचीत आठ सेवांची यादी बसत नाही, आणि बसूही नये. काम, नाव, नंबर. काम सगळ्यात मोठं, कारण नाव अजून कुणाला माहीत नाही. रस्त्याला समांतर असलेली पाटी त्याच रस्त्याने येणाऱ्याला जवळपास दिसतच नाही, म्हणून भिंतीतून काटकोनात बाहेर येणारी लहान पाटी लावा. स्थानिक प्रशासनाची परवानगी लागते का ते लावण्याआधी विचारा.

क्यूआर कोडची बाजू वाचण्याच्या अंतराच्या एक दशांश हवी. हातातल्या कागदावर अडीच सेंटिमीटर ठीक, काचेवर दीड मीटरवरून वाचायचा तर १५ सेंटिमीटर. भोवती कोडमधल्या चार लहान ठिपक्यांएवढी कोरी जागा सोडा, गडद रंग फिक्या पार्श्वभूमीवरच ठेवा. फुकट म्हणवणाऱ्या संकेतस्थळांवरून ‘बदलता येणारा’ कोड घेतला तर मोफत मुदत किंवा वर्गणी संपल्यावर तो बंद पडू शकतो आणि छापलेली पत्रकं निरुपयोगी होतात. थेट लिंकचा साधा कोड ती लिंक चालू आहे तोवर चालतो.

पत्रकं वाटायचीच तर आधी भागाकार करा: छपाई आणि वाटपाचा एकूण खर्च भागिले एका नव्या कामातला ढोबळ नफा. उत्तर ६ आलं तर १००० पत्रकांतून निदान ६ नवी कामं यायला हवीत, तेव्हा कुठे बरोबरी होते. ए-फोर कागदातून चार ए-सिक्स पत्रकं निघतात, तेवढा आकार पुरतो. छापखान्याला फाइल देताना चित्रं ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) ठेवा आणि चारही बाजूंना ३ मिलिमीटर जादा रंग सोडा, नाहीतर कापताना पांढरी कड येते. एकाच पत्रकावर एकच काम. एकाच भागात तीनदा वाटणं हे तीन भागांत एकेकदा वाटण्यापेक्षा सहसा बरं, कारण गरज ज्या दिवशी पडते त्या दिवशी कागद हाताशी असावा लागतो.

त्यापेक्षाही स्वस्त म्हणजे शेजारचे व्यवसाय. तुमच्या ग्राहकाला तुमच्या आधी किंवा नंतर कोण लागतं? वस्तू विकणारा, बसवून देणारा, जागा भाड्याने देणारा. अशा चार-पाच जणांशी बोलून एकमेकांची नावं सुचवायचं ठरवा. त्यांच्याकडून आलेल्याचं काम झालं की त्यांना तसं कळवा. हे कळवणंच बहुतेक जण विसरतात आणि व्यवस्था दोन महिन्यांत विझते.

पैसे देऊन जाहिरात, आणि वही

वरचं सगळं मार्गी लागल्यावर पैसे लावा. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या पोस्टखालचं, पैसे देऊन ती पोस्ट जास्त लोकांना दाखवणारं ‘बूस्ट’ बटण टाळा. त्यातून बहुतेक वेळा लाइक विकत मिळतात. त्यांच्याच जाहिरात व्यवस्थापकात (ॲड्स मॅनेजर) जाऊन उद्दिष्ट संदेश किंवा फोन ठेवा, आणि ग्राहक प्रत्यक्षात जेवढ्या अंतरावरून येतात तेवढीच त्रिज्या निवडा. ते अंतर तुमच्या वहीतच सापडेल. आधी छोटी रक्कम दोन आठवडे, एकच सेवा, एकच चित्र.

प्रत्येक नव्या माणसाला विचारा: ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ पर्याय सुचवू नका, लोक पहिला पर्याय उचलतात. उत्तर त्याच्याच शब्दांत लिहा. ‘गूगल’ म्हणाला तर पुढे एकच प्रश्न: नाव टाकून शोधलं की काम टाकून? नाव टाकून शोधणाऱ्याला आधी कुणीतरी नाव सांगितलेलं असतं, श्रेय त्या सांगणाऱ्याचं. संकेतस्थळ असेल तर नकाशाच्या नोंदीतल्या लिंकला यूटीएमची शेपटी (माणूस कुठून आला हे सांगणारे, लिंकच्या शेवटी जोडायचे शब्द) जोडा, म्हणजे तिथून आलेले वेगळे मोजता येतात.

आकडे लहान असतील तेव्हा घाई नको. एका वस्तीत ५०० पत्रकांतून तीन कामं आली आणि दुसरीत पाच, तर दुसरी वस्ती चांगली असं ठरत नाही, तो योगायोगही असेल. एक आणि दहा असा फरक पडला तरच तो आकडा काही सांगतो. दोन-तीन महिन्यांच्या नोंदी जमल्या की प्रत्येक वाटेसमोर आलेली कामं, त्यातला ढोबळ नफा आणि तुमचे गेलेले तास लिहा. ज्या वाटेवर तास गेले आणि काम शून्य, ती पहिली बंद करा. बऱ्याचदा ती रोजची पोस्टच निघते. झालेल्या कामाचा एक फोटो आठवड्यातून एकदा टाकलात तरी पान जिवंत दिसतं.